सतारमेकर गल्लीतला मेकर

गेल्या महिन्यात सांगलीतल्या एका शाळेच्या सल्लागार समितीच्या बैठकीला बसलो होतो. शाळेला टिंकरिंग लॅब मिळालेली आहे. थ्रीडी प्रिंटर आहे, सेन्सरचे डबे आहेत, सोल्डरिंगचे संच आहेत, आणि प्रिंटरवर बाराही महिने प्लॅस्टिकचं कव्हर आहे. कुणीतरी सुचवलं की मिरजेचा एखादा तंबोरे बनवणारा कारागीर आणि गावातलाच एखादा लोहार यांना आठवड्यातून एक दिवस या लॅबमध्ये शिकवायला बोलवावं. सूचना एवढीच. त्यावर पाऊण तास जे झालं त्याला चर्चा म्हणणं जड जातं. एक गट पूर्वजांचं ज्ञान, मातीतली कला, आपला वारसा असं बोलत राहिला. दुसऱ्या बाजूनं एका पालकांनी टेबलावर हात आपटून विचारलं, "आमच्या आजोबांनी ऐरण सोडली ती नातवानं परत धरावी म्हणून का?" रोबोटिक्स शिकवणाऱ्या तरुण सरांनी मधेच सांगितलं की जगात आता कोडिंग चालतं. मग चहा आला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. आमच्याकडे अशा विषयांचं घोंगडं भिजतच पडतं, आणि घोंगडं भिजलं की किती जड होतं ते आटपाडी-म्हसवडकडच्या माणसाला सांगायला नको.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. लोहार आणि तंबोरावाला दोघंही त्या लॅबमध्ये यायला हवेत, आणि शिक्षक म्हणून यायला हवेत. गॅदरिंगला प्रात्यक्षिक दाखवून शाल-नारळ घेऊन परत जाणारे पाहुणे मला नकोत. त्यांचं काम जुनं आहे हे माझ्या लेखी कारणच नाही. वस्तू, उष्णता, ताण आणि आवाज यांचं जे नेमकं ज्ञान त्यांच्या हातात आहे ते त्या लॅबच्या एकाही डब्यात नाही, हे कारण आहे. बैठकीतल्या दोन्ही गटांनी न बोलता एक गोष्ट मान्य केली होती, ती म्हणजे हातकामाला डोकं लागत नाही. एकाला ते देव्हाऱ्यात ठेवायचं होतं, दुसऱ्याला माळ्यावर. भांडण जागेचं होतं, किमतीबद्दल दोघांचं एकमत होतं.

'मेकर' या शब्दापासूनच सुरुवात करू, कारण लॅबच्या दारावर तो इंग्रजीत रंगवलेला आहे. अमेरिकेत २००६ साली पहिला मेकर फेअर भरला आणि मग स्वतःच्या हातानं वस्तू बनवणाऱ्यांची चळवळ म्हणून हा शब्द जगभर गेला. मिरजेत मात्र तो गल्लीच्या नावात आणि माणसांच्या आडनावात जाऊन बसला आहे. सतारमेकर. शाळेपासून रिक्षानं अर्ध्या तासावर सतारमेकर गल्ली आहे आणि आम्ही मेकर कुठून आणायचे यावर पाऊण तास घालवला! या गल्लीची कुळकथा वारसावाल्यांनीही एकदा नीट ऐकावी अशी आहे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि चमक देणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लढाया सरल्या, संस्थानांच्या फौजा नावापुरत्या उरल्या, धारेचं काम आटलं. मिरजेच्या संस्थानिक पटवर्धनांकडे गवई-वादक येत, त्यांची बिघडलेली वाद्यं कुणीतरी दुरुस्त करायला हवी होती. फरीदसाहेब शिकलगारांनी ती दुरुस्त करता करता उलगडून पाहिली आणि मग स्वतःच बनवायला घेतली. वाडवडिलांपैकी कुणी सतार केलेली नव्हती. भोपळे मंगळवेढा-पंढरपूरच्या बाजूनं आणायचे, लाकूड तुणीचं घ्यायचं, भोपळा महिनोन्‌महिने वाळवायचा, पुन्हा पाण्यात भिजवून त्याचं तोंड हवं तसं उघडायचं, हे सगळं चुकत-चुकत बसवलेलं तंत्र आहे. ज्याला आज आपण दीडशे वर्षांची परंपरा म्हणून हात जोडतो, ती एका धंदा बुडत चाललेल्या माणसानं केलेली खटपट होती. त्या दिवशी फरीदसाहेबांना कुणी 'पूर्वजांचं ज्ञान जपा' असं सांगितलं असतं, तर मिरजेत आज तलवारींना धार लागत असती. गिऱ्हाईक कोण, ते देव जाणे.

आता आजोबांच्या ऐरणीचा प्रश्न. बैठकीत निघालेला सगळ्यात खरा मुद्दा हाच होता, आणि त्याला सगळ्यात पोकळ उत्तरं मिळाली. 'आता कुठे राहिलीय जात' असं एक गृहस्थ म्हणाले. त्यांच्या आडनावाच्या माणसाला ते म्हणणं सोपं जातं. आपल्याकडे सुतारकाम, लोहारकाम, मातीकाम, चामड्याचं काम, दोर वळणं ही नुसती कौशल्यं कधीच नव्हती. बलुत्याच्या व्यवस्थेत ती जन्मानं अंगाला चिकटत, सुगीला खळ्यावर मिळेल त्या धान्यावर मोजली जात, आणि सोडायची म्हटली तर गाव सोडावं लागे. जात ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली लिहून ठेवलं आहे. ज्या घरानं दोन पिढ्या खपून भाता विझवला आणि पोराला पॉलिटेक्निकला घातलं, त्या घराला 'कला मरतेय हो' असं ऐकवणं हा निर्लज्जपणा आहे. लोहाराच्या मुलानं लोहार व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. व्हायचं असेल तर व्हावं, नाहीतर बँकेत जावं, जर्मनीला जावं.

आणि ही भीती हवेतली नाही. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी नेमकी अशीच योजना आणली होती. मुलानं अर्धा दिवस शाळेत बसायचं आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकायचा. कागदावर ती श्रमप्रतिष्ठेची योजना होती. पेरियारांच्या लोकांनी तिला कुलधंद्याचं शिक्षण म्हटलं, रान उठलं, १९५४ ला राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी येताच ती गुंडाळली. बरं केलं. वकिलाच्या पोराला त्या दुपारी कायदा आणि धोब्याच्या पोराला घाट, याला शिक्षण कसं म्हणायचं?

पण त्या योजनेत चूक नेमकी कुठे होती? मुलानं हातानं काम करण्यात होती, की कुठल्या मुलानं कुठलं काम करायचं हे जन्मावर ठरवण्यात होती? याचं उत्तर शोधायला मद्रासला जायची गरज नाही. ऑक्टोबर १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काल्याला भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला ती साताऱ्यात आणली. वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहिली, एकत्र रांधून जेवली, एकत्र खडी फोडली आणि शेतात राबली. 'कमवा आणि शिका' म्हणजे कुणी कुणाचा धंदा शिकायचा याची यादी नव्हती. जो श्रम एका पोराच्या वाट्याला जन्मानं आलेला आणि दुसऱ्याच्या वाट्याला कधीच न येणारा, तो दोघांच्याही हातात एकदम देणं, ही त्यातली गंमत आहे. (हेच भाऊराव त्याआधी ओगल्यांच्या काचसामानाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करत फिरले होते. कारखाना आणि शाळा यांच्यात भिंत असते हे त्यांना बहुधा कुणी सांगितलं नसावं.) म्हणून त्या पालकांना माझं उत्तर असं आहे: तुमच्या मुलीनं ऐरण धरावी असा आग्रह नाही. ती धरेल तर तिच्या शेजारी ब्राह्मणाच्या, मारवाड्याच्या आणि डॉक्टरच्या पोरानंही घण उचललेला असेल, एवढी अट लॅबनं पाळावी. जातीनं काम वाईट ठरवलं नाही, कामाभोवती कुंपण घातलं. कुंपण काढायचं सोडून आतलं पीकच जाळून टाकणं हा सोपा मार्ग झाला, आणि तो घेतल्यावर ज्ञान कुणाकडेच उरत नाही.

काम जातीपासून सुटू शकतं याला आपल्याच जिल्ह्यात मोठा दाखला आहे आणि तो बैठकीत कुणालाच आठवला नाही. विटा, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या पट्ट्यातली माणसं देशभर गलाईच्या धंद्यात आहेत. सराफ पेठेत सोनं-चांदी आटवणं, शुद्ध करणं, सोनाराच्या दुकानातल्या धुळीतून आणि केरातून धातू परत मिळवणं हे त्यांचं काम. दुष्काळानं हाकललेली ही बहुतेक शेतकरी घरं. सोनारकी त्यांच्या पत्रिकेत नव्हती. भट्टीतल्या रसाचा रंग, आम्लाची उकळी आणि वास यांवर चालणारं हे रसायनशास्त्र गावातल्या एकानं दुसऱ्याला, मेव्हण्यानं मेव्हण्याला शिकवत नेलं. त्यात आम्लाच्या वाफा छातीत जातात, कोवळी पोरं परमुलखात राबतात, हेही खरं आहे आणि ते झाकायचं कारण नाही. पण 'हस्तकौशल्य म्हणजे जात' हे समीकरण ज्याला अटळ वाटतं त्यानं विट्याला एक फेरी मारावी.

वारसावाल्यांनाही थोडं सुनावणं भाग आहे. हातानं केलेलं ते चांगलं आणि जुनं ते शहाणपणाचं, हा त्यांचा धरून चालायचा सिद्धान्त आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमिनीत विष उतरतं. परंपरेनं चालत आलेलं 'ज्ञान' ते हेच. पहिलं गिऱ्हाईक मिळायला बराच काळ गेला. पुढे १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लाकडी नांगर हळूहळू मागे पडला. पडायलाच हवा होता, लोखंडी नांगर जमीन खोल उलटतो. त्या लाकडी नांगरासाठी गळा काढणाऱ्यांपैकी किती जणांनी बैलामागं तो धरलाय? तसंच घोंगड्याचं. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर, खड्ड्याचा माग, चिंचोक्याची खळ, सगळं बघायला देखणं आहे. पण ज्याला थंडीला हलकं ब्लँकेट स्वस्तात मिळतं तो टोचणारं घोंगडं का घेईल? 'संस्कृतीसाठी घ्या' म्हणणं म्हणजे घोंगडी विणणाऱ्या सनगराच्या पदरात भीक घालणं. आणि घोंगड्यामागं सूत कातणाऱ्या बायकांचे हात असतात, त्यांची मजुरी कधी वेगळी मोजली गेली का, हा प्रश्न वारशाच्या कुठल्याही प्रदर्शनात मांडलेला मी पाहिलेला नाही. तिथं मागावर बसलेल्या बाप्याचा फोटो असतो.

एवढं सगळं मान्य केल्यावर मग उरतं काय? मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून मला जे दिसतं ते सांगतो. आधी कोयता घेऊ, कारण आपल्याकडे ऊस आहे तिथे कोयता आहे. रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेला घिसाडी तो बहुतेकदा ट्रकच्या जुन्या पाट्यापासून करतो. त्याला विचारा की बांधकामाची सळई का नाही घेत, तर तो म्हणेल, तिला पाणी चढत नाही. आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो की पाट्याच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो, सळईत पुष्कळच कमी, आणि कार्बन कमी असला की पोलाद कडक होत नाही. दोन्ही वाक्यं एकच आहेत. मग तो पातं लाल करतो, फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवतो आणि लगेच बाहेर काढून दगडावर घासून चकचकीत करतो. पाठीच्या जाड भागात अजून उष्णता असते, ती धारेकडे सरकत येते, आणि चकाकत्या पोलादावर रंग चालत येतात. आधी फिकं गवती पिवळं, मग तांबूस तपकिरी, जांभळं, शेवटी निळं. पिवळा म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास, निळा म्हणजे तीनशेच्या जवळ. पिवळ्यावर थांबवलं तर धार टिकते पण दगडाला लागली की तुकडा उडतो. निळ्यावर थांबवलं तर तुटत नाही पण लवकर बोथटते. उसाच्या बुडख्याला कोणता रंग हवा हे ठरवून तो पातं पुन्हा बुडवतो. हा सगळा खेळ फार तर अर्ध्या मिनिटाचा असतो. त्या अर्ध्या मिनिटात उष्णतेचं वहन आहे, ऑक्साइडच्या पातळ थरातलं प्रकाशाचं व्यतिकरण आहे, पोलादाच्या स्फटिकरचनेतले बदल आहेत, आणि कडकपणा नि चिवटपणा यांच्यातला तो सौदा आहे जो प्रत्येक इंजिनिअरला आयुष्यभर करावा लागतो. बारावीच्या मुलांना मी हे तीन वेगवेगळ्या धड्यांत शिकवतो. घिसाड्यानं एकही धडा वाचलेला नाही, आणि माझ्या मुलांपैकी एकानंही कोयता केलेला नाही. यातलं अडाणी कोण, हा प्रश्न मी इथेच सोडतो, कारण उत्तर दोघांनाही लागू आहे.

तंबोऱ्याची गोष्ट तर याहून मोठी आहे. भोपळ्यावरच्या तबलीवर, म्हणजे लाकडी झाकणावर, घोडी बसवलेली असते आणि तार तिच्यावर टेकते. घोडीचा माथा सपाट दिसतो पण तो सपाट नसतो, किंचित गोलाईत उतरता असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये एक सुताचा धागा सरकवलेला असतो. कारागीर कानशीनं तो माथा घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. याला जवारी काढणं म्हणतात. जमली की एका तारेतून सुरांची जाळी उठते, चुकली की तार मुकी होते. पातळीतला फरक डोळ्याला दिसत नाही, कानालाच कळतो. आता यात शास्त्र काय? युरोपात यंगचा नियम सांगत होता की तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या उपस्वरांचा (मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या सुरांचा) निस्पंद, म्हणजे न हलणारा, बिंदू पडतो ते उपस्वर उमटता कामा नयेत. कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीकडे बारकाईनं पाहिलं आणि दाखवून दिलं की तिथे ते उपस्वर स्पष्ट उमटतात. कारण घोडीचा तो वळणदार माथा आणि तो धागा. नियम टोकदार आधारावरच्या तारेचा होता, आपली घोडी टोकदार नव्हतीच. पुढे नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञाला प्रश्न पुरवला तो कानशीनं काम करणाऱ्या माणसांनी, आणि उत्तर त्यांच्या हाताला प्रश्नाच्या आधीच ठाऊक होतं. जॅकार्डच्या मागातून संगणक कसा जन्मला हा दाखला अशा लेखांत हटकून दिला जातो. मी तो देणार नाही. आपल्या दारात रामन यांनी तपासलेली घोडी असताना फ्रान्सला कशाला जायचं?

इथे आणखी एक जुनी बैठक आठवते, आमच्या बैठकीपेक्षा कितीतरी बरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे सुरांमधली बारीक अंतरं, मोजायच्या नादाला लागले होते. मोजायला तारेचं उपकरण त्यांच्याकडे होतं, पण मोजायचं काय? त्यासाठी गळा हवा होता. तो अब्दुल करीम खाँसाहेबांनी दिला. पुढे अर्नेस्ट क्लेमेंट्स हा आयसीएस अधिकारी यात आला आणि श्रुतींची पेटी तयार झाली. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ टीका झाली, संगीतशास्त्रकार भातखंड्यांना ते पटले नाहीत, आणि माझ्या मते बावीसचा हट्ट चुकलाच. पण एक हिशेब जाणणारा कारकुनी माणूस, एक इंग्रज अधिकारी आणि एक गवई, जो वाद्यं स्वतः उघडून दुरुस्त करी, असे तिघं एका प्रश्नाभोवती बसले. कुणी कुणाचा सत्कार करत नव्हतं. गवई म्हणेल 'हा गंधार नव्हे' तर मोजणी पुन्हा करावी लागे. आमच्या लॅबला मी हेच मागतोय. मोबाईलवर आवाजाचा आलेख काढणारं ॲप फुकट मिळतं. जवारी काढण्याआधीचा आलेख आणि नंतरचा आलेख मुलांनी शेजारी शेजारी ठेवावा, थ्रीडी प्रिंटरवर पाच वेगवेगळ्या गोलाईच्या घोड्या छापाव्यात, तारेखाली बसवून बघाव्यात, आणि मिरजेच्या माणसानं ऐकून सांगावं की पाचही टाकाऊ आहेत. का टाकाऊ, हे शोधताना मुलं जे शिकतील ते नावाची की-चेन छापून शिकता येत नाही. सध्या त्या प्रिंटरवर वर्षातून एकदा, पाहुणे आले की, की-चेन छापतात.

आता या बाजूनं सगळ्यात अवघड आक्षेप येतो आणि तो बैठकीत कुणी घेतला नाही, म्हणून मीच घेतो. हे करून झालेलं आहे आणि फसलेलं आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, उत्पादक हस्तोद्योगातून सगळं शिक्षण. नंतर कित्येक शाळांत त्याचं काय झालं ते आमच्या वडिलांच्या पिढीला विचारा. सूत कातायची टकली आणि कापसाचा पेळू. तास भरला की सूत काढायचं, गुंडी मोजायची, मार्क घ्यायचे. कापूस ओढल्यावर पीळ का बसतो, तोकड्या धाग्याच्या कापसाचं सूत का तुटतं, टकलीची चकती जड केली तर काय होतं, हे कुणी विचारलं नाही. हस्तोद्योग राहिला, प्रश्न गेला, आणि मग ती कवायत झाली. त्यामुळे 'आठवड्यातून एक तास मातीकाम' असा रकाना वेळापत्रकात घालून काही होणार नाही, हे मी आधीच कबूल करतो. तेवढंच करणार असाल तर प्रिंटरचं कव्हर राहू द्या. पण नई तालीम फसली म्हणून हातानं शिकणंच फसलं असं म्हणणाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळकडे बघावं. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून डॉ. कलबागांनी १९८३ ला तिथे विज्ञान आश्रम काढला. शाळेतून गळालेली पोरं तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज-दुरुस्ती करत विज्ञानाकडे येत. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी (संगणकावरच्या आराखड्यावरून वस्तू बनवायच्या कार्यशाळांपैकी) एक तिथे उभी राहिली. झगमगाटी यंत्रं आधी आणि काम मागून असा तिथला क्रम नव्हता. आधी वेल्डिंगची ठिणगी होती, मग लेझर कटर आला. आपण उलटं केलं, यंत्र आणून ठेवलं आणि आता त्याला काम शोधतोय.

कारागिरांचीही एक खोड सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. ते दाखवतात, सांगत नाहीत. पोटावर पाय येईल या भीतीनं पोलिशाचं मिश्रण, कानशीची चाल, लाकडाची पारख हे घरातच ठेवतात, आणि घरातसुद्धा मुलींना बहुतेक वेळा शिकवत नाहीत. मेकर मंडळींचं एक मोल मला मनापासून पटतं, ते म्हणजे केलेलं उघडं ठेवायचं, चुकलेलंही मांडायचं, दुसऱ्यानं त्यात भर घालायची. हे त्यांनी शिकलगारांना शिकवावं आणि शिकलगारांनी त्यांना शंभर वेळा घासायचा धीर शिकवावा. पण ज्याच्या पोटाची खात्री नाही त्याच्याकडे 'तुझं गुपित उघडं कर' असं मागणं म्हणजे लूट आहे. म्हणून गाडी शेवटी पैशावर येते.

पैसा आहे, पण तो कुठे जातो ते बघा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं, दुसऱ्या गावचा माल मिरजेच्या नावावर विकायला आळा बसेल. पण मानांकन नावाला मिळतं, शिकाऊ पोराला नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपये, ५ टक्क्यांनी ३ लाखांपर्यंत कर्ज. त्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, अगदी होड्या बांधणारा आणि मासेमारीची जाळी विणणारा आहे. वाद्य बनवणारा मात्र वेगळा व्यवसाय म्हणून त्या यादीत नाही, मानांकन मिळालेल्या गावचा असूनही. दुसरीकडे अटल टिंकरिंग लॅबसाठी प्रत्येक शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान आहे आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५०,००० लॅबची घोषणा झाली. एक योजना कारागिराला विद्यार्थी समजते, दुसरी विद्यार्थ्याला यंत्र देते. कारागिराला शिक्षक समजणारा खर्चाचा रकाना दोन्हीकडे मला सापडला नाही. आणि हे दोन्ही पैसे एकाच तालुक्यात, कधी कधी एकाच रस्त्यावर येतात.

रोबोटिक्सच्या सरांचा मुद्दा राहिला. मुलांना कोडिंग येणं गरजेचं आहे, त्यात वाद नाही, मीही शिकवतो. पण सरांनी जो रोबोटचा हात विकत आणलाय त्याची पकड सैल झाली तेव्हा तो दुरुस्तीला कुठे गेला? कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये, जिथल्या मिस्त्रीनं नुसत्या बोटानं पिन चाचपून कुठे झिजलीय ते सांगितलं. सरांनी ही गोष्ट हसत सांगितली होती, गंमत म्हणून.

बैठकीनंतर मी आणि समितीतल्या आणखी एकानं थांबायचं नाही असं ठरवलं. मिरजेला जाऊन एका वयस्क कारागिरांना भेटलो. चाचांनी आधी चहा पाजला, मग विचारलं, "पोरं ऐकत्यात का?" मी म्हटलं, ऐकतील. त्यांची एकच अट होती, पहिले दोन तास कुणी कानस धरायची नाही, नुसतं बसून ऐकायचं, मास्तरांनीसुद्धा. ते यायला तयार आहेत, महिन्यातून चार शुक्रवार, नमाजानंतर. शाळेनंही हो-ना करत मानधन काढलं. अडलंय ते हजेरीपटावर. शिक्षक म्हणून नोंद करता येत नाही, कारण डी.एड. नाही. पाहुणे व्याख्याते म्हणावं तर किमान पदवी लागते. कुशल मजूर असा एक रकाना आहे, त्यावर सही करायला मी नकार दिला. कार्यालयानं तूर्त त्यांच्या नावापुढे 'इतर' लिहिलं आहे.